काचेखालचा कागद

३ ऑगस्ट २००९ला स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, तो पुण्यात. चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. त्यानंतर संसर्गजन्य रोगांच्या नायडू हॉस्पिटलबाहेर जी रांग लागली, तिच्यात नुसती शिंक आलेली माणसंही होती. मी तेव्हा सार्वजनिक आरोग्याच्या कामात होते. आमच्या भागातल्या फॅमिली डॉक्टरांपर्यंत सूचना पोचवायचं काम माझ्याकडे आलं.

सुरुवातीला आम्ही परिपत्रकं फॅक्स केली. निम्म्या दवाखान्यांत फॅक्सच नव्हता. डॉक्टर टीव्हीवरच्या बातम्या बघून पेशंट आमच्याकडे धाडत होते, आणि त्यांना दोष तरी काय द्यायचा?

मग पायीच फिरले. पेठेतले एक ज्येष्ठ डॉक्टर परिपत्रक उलटंपालटं करत म्हणाले, "मॅडम, बाहेर साठ पेशंट बसलेत. घरी कुणाला पाठवू आणि ॲडमिट कुणाला करू, तेवढं सांगा." त्यांच्या टेबलाच्या काचेखाली लसींचं वेळापत्रक होतं, ॲम्ब्युलन्सचा नंबर होता, गणपतीचा फोटो होता. म्हटलं, आपला कागद इथे मावला पाहिजे.

त्याच महिन्यात केंद्र सरकारने पेशंटचे ए, बी, सी असे तीन गट ठरवून दिले आणि काम सोपं झालं. आम्ही अर्ध्या पानात बसवलं: साधा ताप-खोकला असेल तर घरी विश्रांती, स्वाइन फ्लूची तपासणी नको, टॅमिफ्लू हे त्यावरचं औषध नको, एक-दोन दिवसांनी पुन्हा बघा. धाप, छातीत दुखणं, ग्लानी, नखं निळी पडणं दिसलं तर ताबडतोब दाखल करा, तपासणी तिथे होईल. मधल्या गटात मात्र मी माती खाल्ली. "गरज वाटल्यास टॅमिफ्लू" असं लिहून मोकळी झाले. दिवसभर फोन: गरज ठरवायची कशी? दुसऱ्या कागदावर सरळ यादीच दिली. जोराच्या तापाबरोबर घसा फार दुखत असेल तर विचार करा. पाच वर्षांखालची मुलं, पासष्टीच्या पुढचे, गरोदर बायका, मधुमेह, दमा असेल तर सुरूच करा. मोठ्यांना ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. औषध दुकानांत मिळत नव्हतं, म्हणून जवळच्या सरकारी केंद्राचं नाव खाली.

आणि वर ठळक तारीख. आधी सगळ्यांना तपासणीला पाठवा म्हणत होतो, आता पाठवू नका. तारखेशिवाय कुठला कागद खरा मानायचा? "आधीचा फाडून टाका" असंही छापलं. वाटायला एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, मदतीला आले. त्यांना प्रत्येक दवाखान्याची वेळ पाठ.

गणपती झाल्यावर त्याच डॉक्टरांकडे गेले. काचेखाली नवा कागद होता, शेजारी जुनाही.

"फाडायला सांगितलं होतं ना?"

"त्याच्यावर तुमचा मोबाइल नंबर लिहून ठेवलाय. नव्यावर तुम्ही छापलाच नाहीत."