एमआरपी नसलेले टॉवेल

सोलापुरातील टॉवेल कारखान्यांसाठी लेबले, कॅटलॉग आणि खोक्यांची डिझाइने करून देणे हा माझा नऊ वर्षांचा व्यवसाय आहे. 27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेले आणि पुढच्या पंधरवड्यात माझ्या हातातली तिन्ही कामे थांबली.

सुरुवातीला मी फ्रीलान्स कामांच्या संकेतस्थळांवर रात्री जागवल्या. एका लेबलासाठी तेथे कितीतरी जण बोली लावतात आणि दर उतरतच जातो. माझ्या एकाही प्रस्तावाला उत्तर आले नाही. शेवटी बिलांची जुनी फाइल काढून मी चौदा नावे वहीत उतरवली आणि प्रत्येकाला प्रत्यक्ष भेटायचे ठरवले, कारण फोनवर नकार किती पटकन येतो ते आठवडाभर अनुभवले होते.

अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतील तिसऱ्या कारखान्यात निम्मे यंत्रमाग बंद होते. मालक म्हणाले, "ताई, नवीन काम कुठलं आता? हा मालच बघा की." गोदामात छतापर्यंत खोकी रचलेली होती. त्यांनी एक टॉवेल काढून माझ्या हातात दिला. त्याच्या कागदी पट्टीवर माप फक्त इंचांत होते, 30 गुणिले 60, आणि बाकी सारा मजकूर अमेरिकी दुकानासाठीचा होता. हा माल इथेच विकणार का, असे मी विचारले. मुंबईचा एक व्यापारी घ्यायला तयार आहे, पण पट्टी बदलावी लागेल म्हणून भाव पाडून मागतो, असे ते म्हणाले.

मला काम दिसले ते त्याच क्षणी. वेष्टनबंद वस्तूंच्या 2011 च्या नियमांप्रमाणे इथल्या किरकोळ विक्रीच्या वेष्टनावर सर्व करांसह कमाल किंमत म्हणजे एमआरपी, उत्पादनाचा महिना व वर्ष, मेट्रिक माप आणि ग्राहकाने तक्रार कुठे करायची याचा तपशील लागतो. मी तिथेच वहीच्या पानावर 76 गुणिले 152 सेंटिमीटर असे लिहून नव्या पट्टीचा आराखडा काढला. मालकांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि गोदामातल्या चारही मापांच्या टॉवेलांच्या पट्ट्यांचे काम मला दिले.

दराइतकेच मी पैसे देण्याच्या मुदतीबद्दलही स्पष्ट बोलले. पूर्वी एका व्यापाऱ्याने माझे बिल सात महिने अडवले होते, आणि त्या काळात मुलाची फी मला उसनवारीने भरावी लागली. त्यानंतर मी लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी करून घेतली. नोंदणीकृत लहान पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांत द्यावेत असे अशा उद्योगांसाठीचा 2006 चा कायदा सांगतो. निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली 30 दिवसांत, असे कागदावर लिहून घेताना मालकांनी मुळीच कुरकुर केली नाही.

उरलेल्या अकरा ठिकाणी मी "काही काम आहे का" असे विचारलेच नाही. निर्यातीचा कोणता माल पडून आहे, तो दाखवाल का, एवढेच विचारत गेले. आठवड्यात आणखी दोन गोदामांची दारे उघडली, आणि दोन्हीकडच्या पट्ट्यांवर माप इंचांतच होते.