मीठ कमी केलं की फिशबॉल भुसभुशीत का होतो

रत्नागिरीत मासळीचे तयार पदार्थ करून विकणाऱ्या आमच्यासारख्यांकडे हल्ली एक मागणी सारखी येते: "ताई, मीठ जरा कमी घाला, घरात बीपी आहे." मागणी रास्त आहे. नेहमीच्या फिशबॉलमध्ये अडीच टक्क्यांच्या आसपास मीठ असतं. म्हणजे १०० ग्रॅममागे जवळजवळ १ ग्रॅम सोडियम, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाने दिवसाला २ ग्रॅमच्या आत राहावं. अर्धा दिवस एका प्लेटीत संपला.

पण हे मीठ चवीपुरतं नसतं. स्नायूंतलं मायोसिन हे प्रथिन साध्या पाण्यात विरघळत नाही, खाऱ्या पाण्यात विरघळतं. राणी माशाचा खिमा मीठ घालून कटरमध्ये फिरवला की तो चकचकीत होतो, हाताला चिकटून ओढ देतो. ते मायोसिन सुटल्याचं लक्षण. पुढे उकडताना तीच प्रथिनं एकमेकांत गुंततात आणि पाणी धरून ठेवतात. मीठ १ टक्क्यावर आणलं की मायोसिन अर्धवटच सुटतं. गोळा वळता येतो, शिजतोही, पण दाबला की पाणी सोडतो. ३ मिलिमीटरची चकती कापून दोनदा दुमडायची, ही आमच्याकडची सगळ्यात स्वस्त परीक्षा. नीट जमलेला माल चौपदरी दुमडूनही तडकत नाही. मीठ कापलेला पहिल्याच घडीला मोडतो.

यावर उपाय आहेत. मिठाऐवजी वापरतात ते पोटॅशियम क्लोराइड मला आवडत नाही. जास्त झालं की कडवट लागतं, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना ते चालत नाही. ट्रान्सग्लुटामिनेज हे एन्झाइम मात्र कामाचं. ते प्रथिनांतल्या ग्लुटामिन आणि लायसिन या घटकांमध्ये पक्के सांधे जोडतं, त्यामुळे मिठाची उणीव बरीच भरून निघते. त्याला वेळ द्यावा लागतो: वळलेले गोळे ४० अंशांच्या पाण्यात अर्धा तास, मग थेट ९० अंशांत. मध्ये ५०-६० अंशांवर रेंगाळलात तर माशाचेच पाचक एन्झाइम बांधलेलं जाळं कुरतडतात. (आणि हो, सोडियम फॉस्फेट आणि अजिनोमोटो यांतही सोडियम असतं. मीठ कमी करून हे वाढवणाऱ्यांना काय म्हणावं!)

माझं मत विचाराल तर खरा घोटाळा याच्या आधीच झालेला असतो, बोटीवर. उन्हात राहिलेल्या माशाचं मायोसिन आधीच बिघडलेलं असतं. भरपूर मीठ ते थोडंफार झाकतं, कमी मीठ उघडं पाडतं. मिरकरवाडा बंदरातल्या एका तांडेलाला (बोटीच्या म्होरक्याला) मी म्हटलं, बर्फ वाढवा. तो म्हणाला, "बर्फ काय फुकट गावतो काय ताई?" त्याचंही खरंच आहे. म्हणून कमी मिठाच्या मालासाठी मी बर्फात नीट दाबलेली, त्याच दिवशी परतलेल्या बोटीची मासळीच घेते, चार पैसे जास्त मोजून. तो खर्च पाकिटाच्या किमतीत दिसतो.

जून-जुलैत मासेमारीबंदी असते, तेव्हा माशाच्या गोठवलेल्या लगद्यावर काम चालतं. साखर आणि सॉर्बिटॉल घालून प्रथिनं सांभाळली तरी महिने जातात तशी त्याची पकड ढिली पडते. त्या दिवसांत कमी मिठाचं पाकीट आम्ही काढतच नाही. फोन करून विचारू नका.