दहा हजारांत पहिली एअरगन

नरखेडहून भाच्याचा फोन आला. बारावी झाली आहे, वडिलांसोबत संत्र्याच्या बागेत राबतो, मजुरीचे दहा हजार रुपये साठवले आहेत. "मावशी, एअरगन घ्यायची आहे. ससे, तित्तर मारायले. कोणती घेऊ, सांग न."

मी शनिवार-रविवारी नागपुरात रेंजवर नवीन मुलामुलींना रायफल धरायला शिकवते. तिथे येणारे बापही मुलगा पाणी प्यायला गेला की हळूच हेच विचारतात. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं उत्तर नाही, म्हणून लिहून काढते आहे.

आधी ससा आणि तित्तर. ते विसर. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्याच्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे. शिकार म्हणजे फक्त जीव घेणं, असं कायदा मानत नाही. जखमी करणं, फासे लावणं, हाकारून काढणं, पक्ष्याचं घरटं किंवा अंडी नासवणं हे सगळं शिकारच, आणि नेम चुकला तरी प्रयत्न केला म्हणून गुन्हा होतोच. बांधावरचा ससा आणि तित्तर दोघेही कायद्याच्या यादीत आहेत. अशा प्राण्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी, म्हणजे मोर वगैरे, शिक्षा तीन वर्षांपासूनच सुरू होते आणि सातपर्यंत जाते. जप्त झालेली बंदूक सरकारजमा होते, आणि ज्या मोटरसायकलवर गेलास तीही. महाराष्ट्राचे मुख्य वन्यजीव रक्षक आपल्याच सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात बसतात. नरखेड-काटोलकडे कोणाचं लक्ष नाही, असं समजू नकोस.

रानडुकरांचा त्रास मला ठाऊक आहे. एका रात्रीत हरभरा उलटून टाकतात, ते मी आपल्याच वावरात पाहिलं आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला मारायची वाट कायद्यात आहे, पण ती वन अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीची आणि परवान्याच्या हत्याराची आहे. एअरगनने रानडुक्कर मरत नाही. छर्रा कातडीत रुततो, जखम सडते, आणि ते बिथरलेलं जनावर दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईवर धावून जातं.

तू मोबाईलवर जे व्हिडिओ पाहतो ते अमेरिकेतले आणि इंग्लंडमधले आहेत. अमेरिकेत खारीचा, सशाचा हंगाम ठरलेला असतो, शिकारीचा परवाना विकत मिळतो, दिवसाला किती मारायचे याची मर्यादा असते. पहिली बंदूक म्हणून ते .२२ ची रायफल किंवा लहान बोअरची, म्हणजे बारीक नळीची, शॉटगन सुचवतात, आणि त्यांच्या जागी ते बरोबर आहे. इंग्लंडमध्ये साधारण १६ ज्यूलपर्यंतची (ज्यूल हे छर्ऱ्याच्या ऊर्जेचं माप) एअर रायफल सर्टिफिकेटशिवाय मिळते आणि जमीनमालकाने परवानगी दिली तर तिने ससे मारतात. यातलं काहीच इथे लागू नाही. त्यांची '.२२ घ्या' ही शिफारस तर एअरगनलाही लागू नाही. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे .१७७, म्हणजे साडेचार मिलिमीटर बोअरपर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंतची एअरगन परवान्याशिवाय घेता येते. साडेपाच मिलिमीटरची, म्हणजे .२२ ची, नळी आली की ताकद कितीही कमी असो, परवाना लागतो. शहरात तो पोलीस आयुक्तांकडून, नरखेडसारख्या ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांकडून. कोणी 'सगळे घेतात, काही होत नाही' म्हणून साडेपाचची विकत असेल, तर त्या दुकानातून छर्रेही घेऊ नकोस.

शिकारीची ओढ तुझ्यात कुठून आली ते मला माहीत आहे. आपल्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, पीक राखायच्या परवान्यावर. कायदा यायच्या आधी त्यांनी तित्तर मारले, ससेही मारले, आणि घरात ते किस्से अजून चवीने सांगतात. किस्से सांगणारे एक गोष्ट गाळतात. ठासणीच्या बंदुकीत एकच बार असतो. तो गेला की दारू भरा, गज घाला, टोपी चढवा, तोवर पाखरू पार नदीपलीकडे. त्यामुळे आजोबा बार उडवायच्या आधी फार वेळ घ्यायचे. अंतर किती, मागे कोण आहे, हात स्थिर आहे का. खात्री नसली की बंदूक खाली. हे ते मला अंगणात बसून सांगायचे तेव्हा मी फ्रॉक घालत होते, आणि आज रेंजवर मी मुलांना जे सांगते त्यातलं निम्मं तेच आहे. तुला आजोबांसारखं व्हायचं असेल तर ते कागदी टार्गेटवर नेम धरूनही होता येतं. आणि तुझ्या धुऱ्यावर सकाळी ओरडणारा तित्तर उधई (वाळवी) वेचून खातो. संत्र्याच्या झाडाला उधई काय करते ते तुला मी सांगायला नको.

आता बंदूक.

दुकानात तुला पहिला प्रश्न 'पॉवर किती पाहिजे' असा येईल, आणि तू सगळ्यात जोरदार मागशील. नको मागू. छर्ऱ्याचं वजन असतं साधारण अर्धा ग्रॅम. तो सेकंदाला १७० मीटर वेगाने निघाला तर ऊर्जा होते सात ज्यूलच्या जरा वर. २८० मीटरने निघाला की २० ज्यूलला टेकतो. ऑलिंपिकमधली दहा मीटर अंतरावरून मारायची रायफल त्या खालच्या आकड्याच्याच आसपास चालते. २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने अखेरचा शॉट १०.८ गुणांचा मारून सुवर्ण घेतलं, ते एवढ्याशा ताकदीवर. दहा मीटरवर त्या टार्गेटचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो आणि अख्खं टार्गेट साडेपंचेचाळीस मिलिमीटर. तिथे जोराचा काही उपयोग नाही.

उलट जोर नडतो. दहा हजारांत मिळणारी बंदूक स्प्रिंगची असणार, नळी मोडून भरायची. नळी खाली ओढली की आत जाड स्प्रिंग दबते. ट्रिगर दाबला की पिस्टन पुढे झेपावतो, त्याच्या पुढची हवा दाबली जाते आणि ती हवा छर्ऱ्याला ढकलते. म्हणजे छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच आत एक जड लोखंड पुढे जाऊन आदळलेलं असतं. बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते, आणि छर्रा त्या झटक्यात अजून नळीतच असतो. स्प्रिंग जितकी कडक तितका हा गोंधळ मोठा. पन्नास वेळा ती नळी ओढून बघ, खांदा बोलायला लागतो, आणि दुखऱ्या हाताने कोणी नेम शिकत नाही. म्हणून पहिली बंदूक मऊ स्प्रिंगची, सहज भरता येणारी घे. पॅकेटवरच्या वेगाच्या आकड्याकडे पाहू नकोस.

अशी बंदूक धरायची पद्धतही वेगळी आहे आणि ती कोणी सांगत नाही. एनसीसीत .२२ घट्ट खांद्यात ओढायला शिकवलं होतं. उस्ताद पाठीमागून बट, म्हणजे खांद्याला टेकणारा दस्ता, हलवून बघायचे. स्प्रिंगच्या एअरगनला तसं आवळलं तर छर्रे चारी दिशांना जातात, कारण प्रत्येक वेळी तुझी पकड थोडी वेगळी असते आणि झटका तिला वेगळं उत्तर देतो. डाव्या हाताचा तळवा उघडा ठेव, बंदूक त्यावर नुसती टेकू दे. उजव्या हाताने हलकं धर. तिला जशी उडायची तशी उडू दे, फक्त दर वेळी सारखीच. आणि ट्रिगर दाबल्यावर लगेच मान वर करून कुठे लागलं ते पाहू नकोस. शॉट गेल्यावरही माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर, नजर ठेवून एक श्वास थांब. मी शिकवलेल्या मुलांत सगळ्यात जास्त वेळ या एका गोष्टीला जातो, आणि ज्याला हे जमलं त्याचं बाकीचं आपोआप सुधारतं.

दुकानात गेलास की नळीच्या तोंडातून उजेडाकडे बघ. आत पिळदार खाचा दिसल्या पाहिजेत. जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकींची नळी बहुतेक गुळगुळीत असते, तिच्यातून छर्रा फिरत जात नाही आणि दहा मीटरवर ती कुठेही मारते. नळी जिथे मोडते तो सांधा दोन्ही बाजूंना हलवून बघ, हलायला नको. तिथला वायसर फाटलेला नको. ट्रिगर स्वतः दाबून बघायला मिळाला तर उत्तम, पण छर्रा न घालता दाबू नकोस. समोर हवेचा अडथळा नसला की पिस्टन थेट पुढच्या भिंतीवर आपटतो आणि वायसरची वाट लागते. दुकानदाराला छर्रा घालून दाखवायला सांग. ट्रिगर कुठे सुटतो ते बोटाला आधी कळलं पाहिजे. थोडा जड चालेल, पण दर वेळी वेगळ्या जागी सुटणारा नको.

वजन स्वतः तोलून बघ. खांद्याला लावून दोन मिनिटं उभा राहा. नळीचं तोंड खाली झुकायला लागलं तर ती तुला जड आहे, कितीही सुंदर दिसली तरी.

दुर्बीण घेऊ नकोस. स्वस्त दुर्बीण त्या दुहेरी झटक्याने काही दिवसांत आतून सैल होते, आणि चांगली दुर्बीण तुझ्या बजेटच्या बाहेर. बंदुकीवर असलेली माशी आणि मागची खाच पुरेशी आहे. जिल्हा आणि राज्य पातळीच्या स्पर्धांमध्ये ओपन साइटचा, म्हणजे अशाच माशी-खाचेच्या बंदुकींचा, वेगळा गटही असतो, तिथून सुरुवात करणारी पुष्कळ मुलं मी पाहिली आहेत. हवा आधीच भरून ठेवायची पीसीपी बंदूक झटका देत नाही, फार गोड चालते, पण तिला पंप किंवा सिलिंडर लागतो, हिशेब कुठल्या कुठे जातो. परदेशी बनावटीच्या, स्पर्धेच्या रायफली दोन लाखांच्या वर आहेत. त्या आज बघूही नकोस.

कंपनीचं नाव विचारशील. मुंबईकडची प्रिसिहोल आपल्याच देशात नीट खाचांच्या नळ्या बनवते, त्यांची सर्वांत साधी स्प्रिंगची बंदूक बघ. पण डोळे मिटून नाव घेऊ नकोस, वर सांगितलं ते सगळं तिच्यावरही करून बघ. पैशांचं असं कर: सात-आठ हजार बंदुकीला, उरलेले छर्रे, कागदी टार्गेट आणि डोळे वाचवायच्या चष्म्याला. सगळे दहा हजार बंदुकीत घालून वर हलके, दबलेले छर्रे वापरणारी मुलं नेहमी बंदुकीलाच दोष देतात. कागदाला चपट्या तोंडाचे छर्रे घे, ते गोल स्वच्छ भोक पाडतात आणि गुण मोजता येतात. दोन-तीन प्रकारच्या डब्या आणून प्रत्येकातले पाच-पाच मारून बघ. ज्या डबीचे पाच छर्रे एक रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातात, ती तुझ्या बंदुकीची डबी. लोखंडी गोळ्या आणि पिसांचे डार्ट नको. ते नळीच्या खाचा घासतात, आणि लोखंडी गोळी कडक फळीवर आपटून थेट तोंडावर परत येते.

जागा घराच्या मागची, गोठ्याच्या मातीच्या भिंतीकडे तोंड करून. भिंतीपुढे खोकं ठेव, त्यात जुनी वर्तमानपत्रं ठासून भर, वर टार्गेट लाव. मोजून दहा मीटर. तिथून रस्ता, बैल, धुणं वाळत घालायची दोरी काहीही रेषेत यायला नको. कुत्रा मध्ये आला तर त्याच्यावर नळी रोखायची नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा मोकाट कुत्र्यालाही लागू आहे, आणि कायदा नसता तरी तू ते करू नये. नळी भरताना एक हात कायम नळीवर दाबलेला, दुसऱ्याचं बोट ट्रिगरच्या बाहेर. चुकून ट्रिगर सुटला तर नळी झटक्याने बंद होते आणि बोट तुटतं. चढवलेली बंदूक तशीच ठेवून चहा प्यायला जायचं नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ हीच वेळ. पंचेचाळीस अंशांत हाताला घाम येतो आणि पत्र्याखाली ठेवलेल्या बंदुकीचं तेल पातळ होऊन आत उतरतं. मग छर्ऱ्यामागे धूर येतो, मोठा आवाज होतो. मुलांना वाटतं ताकद वाढली. ते तेल आत जळत असतं आणि त्याने स्प्रिंग मरते. पावसाळ्यात नळी बाहेरून तेलाच्या फडक्याने पूस, आत तेल नको. आणि छर्रे शिशाचे आहेत, हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. छर्रे ओठांत धरायची सवय काही मुलांना असते, ती तुझ्यात दिसली तर मी बंदूक काढून घेईन.

स्वप्नील कुसाळे कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा, खेड्यातला मुलगा. २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पोटावर आणि उभं राहून मारायचं) कांस्य त्याने आणलं. ती .२२ ची रायफल परवान्याची असते, तो टप्पा पुढचा.

नागपुरात सदरमधल्या दुकानात मी तुझ्यासोबत येते. आधार कार्ड घेऊन ये, आणि येताना वडिलांनाही आण. बंदूक घरात कुठे, कोणत्या कुलुपात राहणार आणि किल्ली कोणाकडे, हे त्यांच्यासमोर ठरल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.