शिकागो ते मिनियापोलिस, ऐन जानेवारीत, गिटार घेऊन

संक्रांतीच्या कार्यक्रमांचा हंगाम आणि अमेरिकेच्या मिडवेस्टातल्या थंडीचा कळस एकाच वेळी येतो. त्यामुळे इकडच्या मंडळांत गाणारे-वाजवणारे जे कोणी आहेत, त्यांना वाद्यं घेऊन बर्फातून जावंच लागतं. यंदा भावगीतांच्या कार्यक्रमासाठी आम्ही चौघं शिकागोच्या उपनगरातून मिनियापोलिसला गेलो: गायिका, तबलजी, पेटीवाले काका आणि मी, माझ्या अकूस्टिक गिटारसह. निघालो तेव्हा उणे 15 सेल्सिअस होतं, पोचलो तेव्हा उणे 22. रस्त्याचं थोडक्यात लिहितो आणि वाद्यांचं सविस्तर. रस्ता फोन दाखवतोच, पण गारठून आलेली गिटारची केस (तिचा खोका) कधी उघडायची हे सांगणारं माणूस दर वेळी बरोबर असतंच असं नाही.

रस्ता सोपा आहे. आय-90 या महामार्गाने रॉकफर्ड, मॅडिसन करत टोमापर्यंत जायचं. तिथे 90 आणि 94 वेगळे होतात. 94 धरला की ओ क्लेअर लागतं, पुढे हडसनला सेंट क्रॉय नदी ओलांडली की मिनेसोटा. साधारण 400 मैल. कोरड्या रस्त्यावर साडेसहा तास, जानेवारीत आठ धरून चला. वारा सुटला की शेतांवरचं भुरभुरीत बर्फ रस्त्यावर येतं आणि पुढचं दिसेनासं होतं, म्हणून उजेड असतानाच पोचण्याच्या बेताने निघा.

आता गिटार. सेडानच्या डिकीत हीटरची ऊब पोचत नाही. आठ तास तिथे राहिलेली गिटार बाहेर बर्फात ठेवल्यासारखीच गारठते. ती हार्ड केसमध्ये, म्हणजे कडक भिंतींच्या खोक्यात, घालून मागच्या सीटवर ठेवा, मात्र हीटरचा झोत थेट केसवर नको. आम्ही केसवर एक गोधडीही टाकली होती. वीस मिनिटांच्या चहासाठी थांबलात तर केस गाडीतच राहू द्या, जाड केस आणि गोधडी तेवढा वेळ सहज तग धरतात. जेवायला बसणार असाल तर मात्र केस आत घ्या, टेबलाशेजारी ठेवा आणि उघडू नका.

निघण्यापूर्वी तारा थोड्या उतरवाव्यात, अर्धा ते एक सूर. पूर्ण सैल करू नये. नेकच्या (गिटारच्या लांब दांड्याच्या) आतली धातूची सळई, म्हणजे ट्रस रॉड, तारांच्या ताणाला तोलून धरत असते, तो ताणच नाहीसा झाला तर नेक उलट्या दिशेला वाकू लागते.

आम्ही आदल्या संध्याकाळी पोचलो, आणि हा एक बेत जमवता आला तर निम्मी काळजी मिटते. यजमानांच्या घरात शिरल्या शिरल्या सगळे म्हणाले, "दाखव की गिटार, एखादं गाणं होऊन जाऊ दे." त्यांना आपुलकीने पण ठाम नाही म्हणायचं. आमच्या ओळखीच्या एका दादांनी हिवाळ्यात कुरियरने आलेली जुनी, लॅकर फिनिशची (वर लॅकरचा पातळ, चकचकीत लेप असलेली) गिटार दारातच उघडली होती. बघता बघता वरच्या फळीवर केसासारख्या बारीक रेघा उमटल्या. लाकूड आणि लॅकर वेगवेगळ्या वेगाने प्रसरण पावतात आणि अचानक ऊब लागली की पातळ लॅकर तडकतं. गिब्सन, मार्टिनसारख्या ज्या गिटारांवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं त्यांना हा धोका सर्वांत जास्त. पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टरचं फिनिश बरंच सोशिक असतं, पण म्हणून घाई करायचं कारण नाही, कारण दुसरी अडचण सगळ्यांनाच लागू आहे.

ती म्हणजे दव. घरात 21 अंश आणि 40 टक्के आर्द्रता असेल, तर 7 अंशांपेक्षा गार असलेल्या प्रत्येक वस्तूवर हवेतलं पाणी धरतं. बाहेरून आल्यावर चष्म्याच्या काचा धुरकटतात ना, तेच तारांवर, फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) आणि साउंडहोलच्या, म्हणजे मधल्या गोल भोकाच्या, आतल्या उघड्या, पॉलिश नसलेल्या लाकडावर होतं. तारा गंजतात आणि आतलं कोरं लाकूड पाणी शोषतं. बंद केसमध्ये मात्र हवा थोडी असते, तिच्यात पाणी जेमतेम असतं, आणि आतलं सगळं एकत्र, हळूहळू कोमट होत जातं. हार्ड केसच्या जाड भिंतींचा आणि आतल्या मखमली अस्तराचा खरा उपयोग इथे कळतो.

केस कुठे ठेवायची तेही पाहा. जमिनीतल्या हीटिंग व्हेंटवर नको, फायरप्लेसजवळ नको, गॅरेजमध्ये तर नकोच. आतल्या बाजूच्या भिंतीला टेकवून, आडवी. रात्रभर तशीच. पाहुण्यांच्या खोलीत जमिनीवर ठेवलेल्या केसच्या पितळी कड्या पहिल्या तासाभरात हाताला चटका बसावा इतक्या गार होत्या. झोपायच्या वेळी त्या खोलीइतक्या उबदार झाल्या, तरी मी उघडली नाही. कड्या लवकर तापतात, आतलं लाकूड मागे राहतं. सकाळी कड्या सोडून झाकण बोटभर वर उचललं, तसंच दहा मिनिटं ठेवलं, मग फटीतून तारा पिळायच्या खुंट्यांना, म्हणजे ट्यूनिंग पेगना, हात लावून पाहिला. धातू गार लागला नाही, तेव्हा पूर्ण उघडली.

रात्रभराची सवड नसेल तर? उणे तापमानातून आलेल्या हार्ड केसला किमान तीन-चार तास द्या, गिग बॅगला (मऊ कापडी पिशवीला) दीड-दोन. कुरियरने दोन-तीन दिवस ट्रकमध्ये राहून आलेल्या गिटारला पूर्ण दिवस. संयोजकांना हे आधीच कळवून ठेवा, म्हणजे साउंडचेकची वेळ त्याप्रमाणे ठरते.

सूर लावायचीही घाई करू नका. गारठ्यात पोलादी तारा लाकडापेक्षा जास्त आकसतात, त्यामुळे केस उघडल्यावर सूर चढलेला सापडतो. उबेत तारा आधी सैलावतात, लाकूड मागून येतं. या मधल्या काळात पाच-पाच मिनिटांनी पेग पिळत बसलात तर हाती काही लागत नाही. वाद्य खोलीच्या तापमानाला आलं की एकदाच नीट लावा.

कार्यक्रमाच्या दिवशी घर ते शाळेचं सभागृह हे अंतर पंचवीस मिनिटांचं होतं. गाडी आधी तापवून घेतली आणि वाद्यं दारातच उतरवून मग पार्किंगला गेलो. रंगमंचामागचं मोठं दार जेवणाचे ट्रे आत आणण्यासाठी सारखं उघडत होतं, आणि दर वेळी बर्फाळ वारा आत घुसत होता. केस अशा दारापासून लांब, आतल्या खोलीत न्या. कार्यक्रम मिनियापोलिसच्या डाउनटाउनमध्ये असेल तर तिथले स्कायवे वापरा. इमारतींना जोडणाऱ्या या काचेच्या बंद पुलांवरून पार्किंगपासून सभागृहापर्यंत बरेचदा उबेतूनच जाता येतं.

तबलजींची गोष्ट वेगळी होती. त्यांना दव कमी आणि कोरडी हवा जास्त त्रास देते. पुडी (तबल्यावरचं कातडं) सुकून ताणली जाते आणि स्वर चढतो. त्यांनी डग्ग्या-तबल्यावर जाड गाद्या बांधूनच प्रवास केला आणि काळी चारचा तबला उतरवायला पुरेसा वेळ मागून घेतला.

कोरड्या हवेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण जे इथे महिनाभर राहणार आहेत त्यांना थंडीपेक्षा तिचा धोका मोठा आहे. उणे 22 ची हवा घरात घेऊन 21 अंशांपर्यंत तापवली, की तिची आर्द्रता 5 टक्क्यांच्याही खाली येते. माणसांचा श्वास, स्वयंपाक, आंघोळी यांनी ती थोडी वाढते, तरी ह्युमिडिफायर नसलेल्या घरात 20 टक्क्यांवर जाणं कठीण. गिटारला 45 ते 55 टक्के लागते. त्याखाली बरेच दिवस राहिली तर लाकूड आडवं आकसतं: फ्रेटची टोकं बोटांना टोचू लागतात, वरची फळी खाली बसते, तारा खडखडतात, आणि शेवटी फळीला भेग जाते. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत मुरलेलं वाद्य इथे आणलंत तर हा फरक फार मोठा पडतो. केसमध्ये एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा आणि सोबत आर्द्रता 49 टक्क्यांवर राखणारी बोव्हेडा पाकिटं. पाकिटं नसतील तर भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज चालतो. त्यातून थेंब गळत नाही ना, हे पाहिल्याशिवाय केस बंद करू नका.

भारतातून विमानाने येणाऱ्या कलाकारांसाठी एक माहिती. 2012 चा कायदा आणि 2015 पासून लागू झालेला नियम यांनुसार अमेरिकी विमान कंपन्यांना गिटारसारखं छोटं वाद्य केबिनमध्ये घेऊ द्यावं लागतं, अट एकच, तुम्ही चढाल तेव्हा वरच्या कप्प्यात जागा हवी. म्हणून लवकर चढता येईल असं तिकीट घ्या. चेक-इन करावीच लागली तर नेकच्या डोक्याखाली आणि भोवती मऊ कपडे दाबून भरा, आणि यजमानांना निघण्यापूर्वीच सांगा की गिटारच्या खोलीतला ह्युमिडिफायर आदल्या दिवसापासून चालू ठेवा.