मण्यांचा गोफ : आमची वाटचाल

आई सराफांसाठी मंगळसूत्रं गाठवून द्यायची. पुण्यात रविवार पेठेत, दोन खोल्यांच्या घरात. काळ्या मण्यांचे सर, मधे वाट्या, कुणाचं डोरलं, मागे रेशमाचा गोंडा. प्रत्येक कामातून चिमूटभर मणी उरायचे. जुनी पोत तुटून दुरुस्तीला आली की त्यातलेही काही राहायचे. हे सगळे मणी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायचे. आमचा धंदा त्या डब्यातून निघाला.

२०११ मध्ये माझी नोकरी सुटली, तेव्हा मी तो डबा पुढ्यात घेऊन बसले. आत मोहरीएवढ्या मण्यापासून ज्वारीच्या दाण्याएवढ्यापर्यंत सगळं होतं. सरळ एका दोऱ्यात ओवलं की माळ दातेरी दिसायची, कुठे फुगलेली, कुठे दबलेली. मग मैत्रिणीने पिळाचा टाका दाखवला आणि जी अडचण होती तीच शोभा झाली. एकसारख्या मण्यांचा पीळ दोरीसारखा गुळगुळीत होतो. लहान-मोठे मणी ठरलेल्या क्रमाने घातले, तर मोठे मणी वर येऊन माळेभोवती वळत जाणारी कड तयार करतात आणि लहान मणी तिच्या बाजूच्या खाचेत बसतात.

टाका असा. आधी गाभ्याचे चार मणी आणि बाहेरच्या फेऱ्याचे पाच : दोन लहान, एक मोठा, दोन लहान. सुई खालून पुन्हा गाभ्याच्या चारही मण्यांतून वर काढायची. फेरा गाभ्याला कमानीसारखा चिकटतो, तो डावीकडे सरकवायचा. पुढच्या वेळी गाभ्याचा एकच नवा मणी आणि फेऱ्याचे पाच. सुई गाभ्यातल्या शेवटच्या तीन मण्यांतून आणि या नव्या मण्यातून वर. नवा फेरा आधीच्या फेऱ्यावर, पुन्हा डावीकडे. शेवटपर्यंत एवढंच. गिऱ्हाईक बायका याला ‘मण्यांचा गोफ’ म्हणू लागल्या. सोन्याचा गोफ त्यांनी आजीच्या गळ्यात पाहिलेला, त्यामुळे नाव आपोआप पडलं आणि आम्हीही तेच ठेवलं.

पहिल्याच प्रदर्शनात सहाच्या सहा माळा विकल्या गेल्या. आठवड्याने एका दुकानदाराचा फोन आला : अगदी तशाच दहा हव्यात. आम्हाला एकही करता आली नाही. डब्यातले मणी संपले होते आणि बाजारातले ‘तसेच’ मणी कधी अर्धा मिलिमीटर जाड निघत, कधी भोक इतकं बारीक की दुसऱ्यांदा सुई जातच नाही. पिळाच्या कामात गाभ्याच्या प्रत्येक मण्यातून, ओवतानाची वेळ धरून, दोरा पाच वेळा जातो. बारीक भोकाचा मणी जोर लावला की टचकन फुटतो, आणि मधला एक मणी फुटला की तिथपर्यंतचं सगळं काम उसवावं लागतं. ती ऑर्डर मी हात जोडून परत केली.

तिथून मी नंबर शिकले. काचमण्यांचा नंबर जितका मोठा तितका मणी लहान : १५ नंबर साधारण दीड मिलिमीटर, ११ नंबर दोनच्या थोडा वर, ८ नंबर तीन, ६ नंबर चार. जपानी मणी मापाला पक्के आणि भोकाला मोकळे असतात, म्हणून गाभा आम्ही त्यांचाच घेतो. चेक मणी किंचित चपटे आणि थोडे कमी-जास्त असतात, फेऱ्यात ते छान दिसतात. उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरचे काचमणी आम्ही मधल्या पदकांना आणि लोलकांना वापरतो. त्यांच्या रंगात जी खोली आहे ती मला दुसरीकडे सापडलेली नाही. ११ नंबरचा गाभा धरला तर इंचात साधारण १८ टाके बसतात. म्हणजे १६ इंचांच्या माळेत तीनशेच्या जवळपास टाके, सतराशे मणी, आणि वजन मात्र वीस ग्रॅमच्या आसपास. हे ऐकून बायका माळ हातात घेऊन तोलतात. तो क्षण मला फार आवडतो.

याहून अवघड प्रकार म्हणजे चेलिनी पीळ. सोळाव्या शतकातला इटलीचा सोनार आणि शिल्पकार बेनवेनुतो चेलिनी याचं नाव त्याला अमेरिकेतल्या दोन मणी-कलावंतांनी दिलं. यात गाभा नसतो, आतून पोकळ नळी विणली जाते. १५, ११, ८, ६ असे मणी चढत्या-उतरत्या क्रमाने एका गोलात येतात आणि नियम एकच : दोरा ज्या मण्यातून बाहेर येईल, त्याच मापाचा मणी पुढे घ्यायचा. दहा-बारा फेऱ्या होईपर्यंत हातात नुसता गोळा दिसतो, मग अचानक पीळ उमटतो. नव्या मुली त्या आधीच कंटाळून सोडतात. मी त्यांच्या शेजारी बसून पंधरावी फेरी होईपर्यंत उठू देत नाही.

आमची सर्वांत मोठी चूक रंगाची. २०१६ च्या दिवाळीत सोनेरी मुलाम्याचे मणी घेतले. दिसायला झळझळीत, पण घाम आणि अत्तर लागलं की दोन महिन्यांत आतली करडी काच उघडी पडली. गेल्या होत्या तेवढ्या माळा परत मागवल्या आणि पैसे किंवा नवी माळ दिली. ते वर्ष तोट्यात गेलं. तेव्हापासून प्रत्येक नव्या रंगाचे थोडे मणी नेलपॉलिश काढायच्या द्रवात भिजवलेल्या कापसावर घासतो आणि थोडे उन्हात ठेवतो. कापूस रंगला तर तो माल घेत नाही.

दुसरा प्रसंग आनंदाचा. घाईच्या वेळी कानातल्यांच्या जोडीतलं एक एका ताईने केलं, दुसरं दुसरीने. जुळवायला घेतली तर पीळ उलटसुलट. दुसऱ्या ताई डावखुऱ्या. त्या सुई डाव्या हाताने धरतात आणि फेरा उजवीकडे सरकवतात, म्हणून पीळ आरशातल्यासारखा फिरतो. पण दोन्ही कानांत घालून पाहिलं, तर वळणं चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी सारखी खाली उतरत होती. आता कानातली मुद्दाम अशीच होतात, एक उजव्या हाताचं, एक डाव्या. त्या ताईंचं काम आधी ‘उलटं’ म्हणून बाजूला पडायचं. आज जोडी त्यांच्याशिवाय पुरी होत नाही.

मजुरी आम्ही नगावर देत नाही, इंचावर देतो, आणि उसवावं लागलं तर त्या वेळेचेही पैसे देतो. हात बसलेल्या बाईला साध्या पिळाची माळ करायला चार तास लागतात, चेलिनीला दोन दिवस. किंमत त्यावरून ठरते. घासाघीस करणाऱ्यांना मी हे तास मोजून सांगते. काही जण निघून जातात, काही जण थांबून सुई कशी चालते ते पाहतात.

आज आम्ही नऊ जणी आहोत. आईचे डोळे आता १५ नंबरला साथ देत नाहीत, तरी मणी निवडायला तीच बसते. पांढऱ्या पंचावर पसरून जाड, तिरपा, बारीक भोकाचा मणी बोटाने बाजूला सारते.

सध्या जांभळ्या मण्यांची नवी पाकिटं आली आहेत. त्यातले थोडे खिडकीत उन्हात ठेवले आहेत, निम्मे कागदाखाली झाकून. महिनाभराने दोन्ही बाजू ताडून पाहू. तोवर जांभळ्या गोफाची ऑर्डर घेत नाही.