आमची वाटचाल: रोआस नऊ, गल्ला जिथल्या तिथे

आमचा धंदा दुकानांच्या शॉपिंग जाहिराती चालवण्याचा, म्हणजे गुगलवर शोधताना वस्तूचा फोटो आणि भाव घेऊन दिसतात त्या. गुगलने प्रॉडक्ट सर्चची फुकटची यादी २०१२ मध्ये गुंडाळायला घेतली आणि तिथे पैसे मोजणाऱ्यांनाच जागा द्यायचं ठरवलं. त्याच सुमारास आम्ही दोघं नोकऱ्या सोडून यात पडलो. माझा भागीदार गोदामात स्टॉक सांभाळणारा माणूस. जाहिरातीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण नवा दुकानदार आला की बाकीचे लोक ‘बजेट किती?’ विचारत, आणि हा विचारायचा, ‘माल कुठला पडून आहे, आणि कुठल्यावर किती सुटतं?’ आमची कंपनी या प्रश्नावर उभी राहिली. माझ्या पीपीटीवर नाही, हे मी त्याच्यादेखत कधी म्हणत नाही.

शॉपिंगमध्ये कीवर्ड, म्हणजे शोधाचा शब्द, विकत घेता येत नाही. तुमचा फीड, म्हणजे तुम्ही गुगलला दिलेली मालाची यादी, वाचून कोणत्या शोधाला कोणती वस्तू दाखवायची ते यंत्रणा ठरवते. त्यामुळे खरं काम फीडमध्ये, आणि फीडचं काम कुणालाच नको असतं. टायटलला १५० अक्षरांची मुभा आहे, पण गिऱ्हाइकाच्या नजरेला जेमतेम पहिली सत्तर पडतात. तिथे कारखान्याचा मॉडेल नंबर घालून ठेवणारे महाभाग आजही भेटतात. जीटीआयएन, म्हणजे वस्तूचा बारकोडचा नंबर, रिकामा, रंगाच्या रकान्यात ‘मल्टी’, फोटोवर ‘महासेल’चा शिक्का, आणि वर तक्रार की जाहिरात चालत नाही.

आमचं लाडकं हत्यार म्हणजे भागीदाराने बनवलेली शीट. ऑफिसात तिचं नाव ‘रात्रपाळी’. रोज रात्री ती दुकानाच्या स्टॉकमधून माहिती उचलते, फीडमधला भाव आणि पानावरचा भाव ताडून बघते, आणि सप्लिमेंटल फीडमधून, म्हणजे मूळ फीडला जोडलेल्या पुरवणी यादीतून, पाचही कस्टम लेबलं (आपल्या सोयीने माल गटांत वाटायचे रकाने) भरते: मार्जिनचा गट, मालाचं वय, हंगाम, परत येण्याचं प्रमाण आणि साइझ. यातलं साइझचं लेबल मला सगळ्यात प्रिय. बुटाच्या आठ साइझपैकी मधल्या चार संपल्या आणि दोन्ही टोकांच्या उरल्या, तर फीडच्या लेखी माल ‘इन स्टॉक’च असतो. जाहिरात दिसते, क्लिक पडतो, पैसे कापले जातात आणि गिऱ्हाईक आपली साइझ नाही म्हणून निघून जातं. रात्रपाळी अशा जोडाला ‘साइझ तुटले’ असं लेबल लावते आणि सकाळपर्यंत तो कमी बिडच्या, म्हणजे क्लिकमागे कमी पैसे लावणाऱ्या, कॅम्पेनमध्ये गेलेला असतो. कुठलंही तयार सॉफ्टवेअर विकत घ्या, हा रकाना आधी विचारा.

हे लेबल सुचलं ते आमच्या बूटवाल्या मॅडममुळे. अगदी सुरुवातीच्या गिऱ्हाईक, आजही आमच्याकडे आहेत. त्या सर्च टर्म्स रिपोर्ट, म्हणजे लोकांनी काय शोधल्यावर जाहिरात दिसली त्याची यादी, छापून घेत आणि पेन्सिल घेऊन बसत. एकदा त्यांनी ‘दिवसभर उभं राहायला काळे बूट’ या ओळीखाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाल्या, ‘काउंटरवर मला लोक हेच विचारतात हो. तुमच्या टायटलमध्ये नुसतं लेदर डर्बी लिहिलंय. डर्बी कोण मागतं?’ त्या आठवड्यात सगळ्या काळ्या बुटांची टायटलं बदलली. ज्या शोधांवर आम्ही कधी दिसतच नव्हतो तिथे दिसायला लागलो, तेही बिड न वाढवता. मॅडमनी आम्हाला आणखी एक गोष्ट दिली, जी द्यायला दुकानदार सहसा तयार होत नाही: प्रत्येक जोडाची खरेदी किंमत.

त्यानंतरची काही वर्षं चांगली गेली. माणसं वाढली, जागा मोठी घेतली. त्याबद्दल लिहिण्यासारखं विशेष काही नाही.

मग ती दुसरी एजन्सी आली. नाव घेत नाही, धंद्यातल्यांना कळेलच. घरसजावटीच्या दुकानांची एक साखळी तेव्हा आमचं सगळ्यात मोठं खातं होती. पडदे, दिवे, गालिचे. आम्ही त्यांना चारच्या आसपास रोआस, म्हणजे जाहिरातीच्या एका रुपयामागे चार रुपयांची विक्री, देत होतो आणि तो प्रामाणिक चार होता. दुकानाच्या नावाने शोधून येणारं गिऱ्हाईक आम्ही वेगळ्या कॅम्पेनमध्ये ठेवलं होतं. वरच्या प्रायॉरिटीच्या कॅम्पेनमध्ये दुकानाचं नाव निगेटिव्ह (या शब्दावर जाहिरात दाखवू नको), म्हणजे नावाचे शोध गाळून खालच्या कॅम्पेनमध्ये पडतात आणि वर उरतो तो खरा नवा धंदा. या एजन्सीने एक हिरवागार आलेख दाखवला: ‘आम्ही नऊ देतो.’

ते नऊ कसे आले ते सांगतो, कारण हा खेळ आजही चालतो. तेव्हा २०१८ मध्ये आलेल्या स्मार्ट शॉपिंगची, म्हणजे गुगलच्या आपोआप चालणाऱ्या कॅम्पेनची, चलती होती. त्यात निगेटिव्ह कीवर्ड टाकायची सोय नव्हती, साइटवर येऊन गेलेल्यांना पुन्हा दाखवायच्या जाहिराती त्यातच मिसळलेल्या असत, आणि त्याच वस्तूच्या साध्या शॉपिंग कॅम्पेनपेक्षा त्याला आधी संधी मिळे. म्हणजे दुकानाचं नाव टाइप करून येणारा, काल गालिचा कार्टमध्ये टाकून गेलेला, सगळे एकाच टोपलीत. जो पावती फाडायला निघालाच होता, त्याच्या हातात दारात जाहिरात द्यायची आणि विक्री आपल्या नावावर लावायची. अवजाराचा यात दोष नाही, आम्हीही ते वापरलं. पण त्यांनी चाचणीला फक्त आधीच धडाक्यात खपणारा माल घेतला, सेलच्या दिवसांत आकडे मोजले आणि परत आलेला माल वजाच केला नाही. पडदे किती परत येतात हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

मीटिंगमध्ये मी एवढंच विचारलं, ‘यात ब्रँडचे, म्हणजे दुकानाच्या नावाचे, शोध वेगळे काढलेत का?’ मालकांचा पुतण्या ऑनलाइन सांभाळायचा. तो म्हणाला, ‘काका, रोआस म्हणजे रोआस. त्यात वेगळं काय काढायचं?’ मालक माझ्याकडे बघून हसले. महिनाअखेरीला खातं गेलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर चाललं असतं. तोच हिरवा आलेख घेऊन ते आमच्या बाकीच्या गिऱ्हाइकांकडे फिरले. आणखी खाती गेली. आमच्याकडे फीड शिकलेली दोन मुलं त्यांच्याकडे गेली, जाताना रात्रपाळीची प्रत घेऊन. पगारासाठी भागीदाराने ठेवी मोडल्या, मोठी जागा सोडली, आणि एक वेळ अशी आली की कंपनी बंद करायचा कागद तयार होता, सह्याच बाकी होत्या. त्या महिन्यात मॅडमनी वर्षभराची फी आगाऊ पाठवली. फोन वगैरे काही नाही. बँकेच्या मेसेजवरून कळलं.

घरसजावटवाल्यांचं पुढे काय झालं ते त्यांच्याच हिशेबनिसाकडून कळलं. जाहिरातीच्या खात्यात विक्री दुपटीवर दिसत होती, दुकानाची एकूण विक्री आणि गल्ला मात्र होता तिथेच. मला आनंद झाला नाही असं खोटं कशाला सांगू?

आता विषय निघालाच आहे तर हिशेब मांडून दाखवतो. मार्जिन २५ टक्के असेल तर चार रोआसला तुम्ही ना नफा ना तोट्यात. मार्जिन ५० टक्के असेल तर दोनलाच. जाहिरातीला १०० घातले आणि १० टक्के मार्जिनच्या मालावर आठ रोआस मिळाला, तर हातात ८० आले आणि २० खिशातून गेले. तेच १०० निम्म्या मार्जिनच्या मालावर घालून तीनच रोआस मिळाला, तरी १५० येतात, ५० उरतात. आलेखात मात्र आठवाला शूर आणि तीनवाला नालायक. म्हणून मार्जिनच्या गटाप्रमाणे कॅम्पेन वेगळे करा आणि प्रत्येकाला वेगळं रोआसचं टार्गेट द्या. टार्गेट रोज उठून बदलू नका, क्लिकनंतर खरेदीला किती दिवस लागतात ते आधी बघा. टार्गेट वाढवलं की रोआस सुधारतो, पण बहुतेकदा विक्री आटते, आणि ते पहिल्या आठवड्यात कुणाच्या लक्षात येत नाही. परत आलेला माल कन्व्हर्जनमधून, म्हणजे खात्यात मोजलेल्या विक्रीतून, कमी करायची सोय आहे, ५५ दिवसांच्या आत अपलोड करावं लागतं. हे करणारी दुकानं मी बोटांवर मोजू शकतो.

स्मार्ट शॉपिंग २०२२ मध्ये परफॉर्मन्स मॅक्स या गुगलच्या नव्या आपोआप चालणाऱ्या कॅम्पेनमध्ये विरघळलं. तिथे ब्रँड वगळायची सोय पुढे आली, निगेटिव्ह कीवर्डही आले. आम्ही परफॉर्मन्स मॅक्स आणि साधं शॉपिंग दोन्ही चालवतो. ‘सगळं एआय करतं, आता एजन्सी कशाला?’ हे हल्ली रोज ऐकतो. एआयला ‘साइझ तुटले’ हे कोण सांगणार, ते मात्र कुणी सांगत नाही.

त्या एजन्सीच्या वेबसाइटवर तो नऊचा आलेख अजून आहे, आमच्या काळात काढून घेतलेल्या गालिच्यांच्या फोटोसकट. साखळीचे मालक मध्ये एकदा भेटायला येऊन गेले. आमची अट तीच, जी आता प्रत्येक नव्या दुकानदाराला असते: खरेदी किमती, गेल्या वर्षीचा परत आलेला माल आणि साइझवार स्टॉक, तिन्ही फायली आधी, कोटेशन नंतर. त्यांनी दोन पाठवल्या आहेत. खरेदी किमतींची अजून यायची आहे.