आमची वाटचाल : लासलगाव ते भोमरा

आमच्या वडिलांचं लासलगावात कांद्याचं खळं, म्हणजे माल निवडून गोण्या भरायचं आवार. माल कोलकात्याच्या आडतीला जायचा, हिशेबपट्टी यायची, व्यवहार मिटायचा. त्यातला बराच कांदा पुढे बांगलादेशात जातो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मग आपणच का पाठवू नये, म्हणून 2011 साली आम्ही निर्यातीत उतरलो.

धुळे, नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर करत ट्रक जवळपास दोन हजार किलोमीटर जातो आणि पश्चिम बंगालमधल्या बशीरहाटजवळच्या घोजाडांगा सीमानाक्यावर पोचतो. एवढं अंतर आता सुरळीत कटतं. खरा कस लागतो तो शेवटच्या टप्प्यात. पार्किंगची रांग, फायटोचा म्हणजे मालात रोगकीड नसल्याचा दाखला, एलसी म्हणजे पैशांसाठीचं बँकेचं हमीपत्र, दोन्हीकडचं कस्टम. आपला ट्रक पलीकडे बांगलादेशातल्या भोमरा या जमिनीवरच्या बंदराच्या आवारापर्यंतच जातो. तिथे बांगलादेशी ट्रक लागतो आणि हमाल एकेक गोणी उचलून त्यात टाकतात. ही आदळआपट सगळा कांदा सोसत नाही. म्हणून खळ्यावर प्रतवारी करताना डेंगळा (फुलाचा दांडा आलेला), जोड, जाड मानेचा कांदा आम्ही या गाडीत जाऊच देत नाही.

गाडी न बदलता माल थेट पोचावा, यासाठी 2015 साली थिंफूला भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान यांच्यात मोटार वाहन करार झाला. भूतानने त्याला मान्यता दिली नाही, आणि आमच्या गोण्या आजही सीमेवर गाडी बदलतात. फरक पडला तो पद्मा पुलाने. जून 2022 मध्ये हा 6.15 किलोमीटरचा पूल सुरू झाला. त्याआधी भोमऱ्याहून ढाक्याला जाणारा माल नदीकाठी फेरीबोटीसाठी ताटकळायचा, आणि नाशवंत मालाला तोच वेळ महाग पडतो. पूल त्यांच्या देशात झाला, पण त्याचा फायदा आमच्या खळ्यापर्यंत आला.

रस्ता कितीही चांगला असो, फाटक बंद झालं की सगळं थांबतं. 14 सप्टेंबर 2020 ला भारत सरकारची कांदा निर्यातबंदी आली तेव्हा आमच्या गाड्या नाक्यावर होत्या. पावसाळी हवा, ताडपत्रीखाली कोंडलेली वाफ. काही दिवसांनी बांगलादेशसाठी 25 हजार टनांची मुभा मिळाली, तोवर खालच्या थरातल्या गोण्यांना पाणी सुटलं होतं. ढाक्याच्या श्यामबाजारातल्या आमच्या व्यापाऱ्याने तो तोटा निम्मा स्वतःच्या अंगावर घेतला. हे उपकार आम्ही विसरणार नाही. पण पुढच्या हंगामात तेच म्हणाले, ‘दादा, दुकान तर चालवावं लागतं.’ चितगाव बंदरात उतरणारा परदेशी कांदाही ते घेऊ लागले. डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा बंदी आली आणि ती मे 2024 पर्यंत टिकली. त्या काळात तुटलेली गिऱ्हाइकं सगळी परत आली नाहीत.

तिकडच्या सरकारचेही निर्णय असतात. पाबना, फरिदपूरचा कांदा निघाला की आयातीचे परवाने थांबतात. त्यांच्या शेतकऱ्याला भाव मिळायला हवा, हे आम्हाला पटतं. आम्हीही शेतकऱ्यांमध्येच वाढलो. आमची मागणी एवढीच आहे, की बंदी घालायचीच तर ज्या गाड्या लोड होऊन निघाल्या आहेत त्यांना पार होऊ द्या.

1 एप्रिल 2025 पासून आपल्याकडचं कांद्यावरचं निर्यात शुल्क हटलं आहे. आता तिकडचा परवाना आणि एलसी हातात आल्याशिवाय आम्ही गाडी भरत नाही. श्यामबाजारचे व्यापारी अजूनही उन्हाळ कांद्यासाठी पहिला फोन आम्हालाच करतात.